आईच्या पावलांनी इजिप्त

माझ्या एका जुन्या हार्ड डिस्कवर ‘इजिप्त’ नावाचं फोल्डर आहे. त्यात अकराशेहून जास्त फोटो आहेत. त्यातला कुठला खांब कर्नाकच्या देवळाचा, कुठला एडफूचा आणि कुठला कोम ओम्बोचा, हे मला सांगता येत नाही. फोटोत मी आहे, मागे खांब आहे, वर निळंभोर आकाश आहे. मी तिथे गेले होते, एवढंच त्यातून कळतं.

ती सहल आठ दिवसांची होती, एका प्रवास कंपनीबरोबरची. कैरोतल्या एका दिवसाचं वेळापत्रक मी जपून ठेवलंय: सकाळी गिझा, मग पपायरसचं, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या धर्तीच्या कागदाचं, दुकान, मेम्फिस, जेवण, सक्कारा, अत्तराचं दुकान आणि शेवटी तहरीर चौकातलं संग्रहालय. सक्काऱ्याच्या वाट्याला चाळीस मिनिटं आली. जोसेरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडसमोर सगळ्यांचे फोटो होईपर्यंत बसचा हॉर्न वाजला. घरी आल्यावर आईनं विचारलं, “काय काय बघितलंस?” मी नावं सांगत गेले. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, “ही नावं झाली. बघितलंस काय ते सांग की.”

मला सांगता आलं नाही.

काही वर्षांनी आईच म्हणाली, मला इजिप्त दाखव. तेव्हा ती ७२ वर्षांची होती. दोन्ही गुडघे दुखरे, चालणं हळू, पण नजर तल्लख. लहानपणी ती मामाकडे बडोद्याला गेली होती. तिथल्या संग्रहालयात सयाजीराव महाराजांच्या काळात आणलेली ममी आहे, ती तिनं पाहिली होती. कृष्णाकाठच्या शेतीच्या घरात सगळं आयुष्य गेलं, पण ती ममी तिच्या डोक्यातून गेली नव्हती. “तिचं गाव बघायचंय,” ती म्हणाली. “सगळं नको. जे दाखवशील ते नीट दाखव.”

मग मी वही घेऊन बसले. पहिल्या रकान्यात ठिकाण, दुसऱ्यात वेळ आणि तिसऱ्यात ‘बसायला कुठे’. हा तिसरा रकाना मी आईच्या गुडघ्यांसाठी आखला होता, पण त्यानंच सगळा बेत ठरवला. कुठे किती पायऱ्या, कुठे वाळूतून चालायचं, सावली कुठे, स्वच्छतागृह कुठे, हे शोधता शोधता लक्षात आलं की एका दिवसात एकच मोठी जागा नीट बघता येते. सकाळी ती बघायची, दुपारी झोपायचं, आणि संध्याकाळी अंगात असेल तर एखादी लहानशी जागा. चार दिवसांनंतर एक दिवस पूर्ण कोरा. वहीत त्या दिवसासमोर मी ‘रिकामा’ असं लिहिलं.

महिना जानेवारीचा धरला. उन्हाळ्यात दक्षिणेतल्या लक्सर शहराचा पारा सहज चाळिशीपार जातो. त्या उन्हात धडधाकट माणूसही अकरा वाजता सावली शोधायला लागतो. मार्गदर्शक पुस्तकांत हे एका ओळीत उरकतात. माझ्या मते सहलीची पहिली ओळ तीच असावी.

कैरोचे दिवस मी काळाच्या क्रमानं लावले. बहुतेक जण आधी गिझाला जातात, कारण ते शहराला लागून आहे आणि कधी एकदा बघतो असं झालेलं असतं. पण खुफू राजाचा महापिरॅमिड आधी पाहिला की बाकीचे पिरॅमिड बारके वाटायला लागतात. क्रम उलटा केला की वेगळीच गोष्ट समोर येते. सक्काऱ्याला जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड आहे. त्याच्या रचनेचं श्रेय त्याच्या इम्होतेप या अधिकाऱ्याला देतात. एकावर एक सहा टप्पे, साधारण ६२ मीटर उंची, आणि सगळं घडीव दगडात. एवढं मोठं दगडी काम त्याआधी कुणी उभं केलं नव्हतं. तिथून दक्षिणेला दहशूरला गेलं की खुफूचा बाप स्नेफेरू भेटतो. त्याचा एक पिरॅमिड अर्ध्यावर वाकलाय: खाली चढ सुमारे ५४ अंशांचा, वर तोच एकदम ४३ च्या आसपास. बांधता बांधता भार पेलवेना, तडे जाऊ लागले, म्हणून उतार कमी केला असं मानतात. त्याच्या जवळच त्याचाच लाल पिरॅमिड आहे, पायापासून टोकापर्यंत एकाच सौम्य उताराचा. तो जमला. मग मुलानं गिझाला आपला बांधला, त्याची मूळ उंची सुमारे १४६ मीटर. जोसेरपासून खुफूपर्यंत जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं.

दहशूरला गर्दी नव्हती. वाकलेल्या पिरॅमिडच्या अंगावर बाहेरचे गुळगुळीत दगड अजून पुष्कळ शिल्लक आहेत, इतर कुठल्याही पिरॅमिडपेक्षा जास्त. लाल पिरॅमिडचं दार उत्तरेच्या बाजूला बरंच उंचावर आहे, आणि आत साठेक मीटर वाकून उतरावं लागतं. मी एकटी उतरले. आई खाली खुर्चीवर बसली. ड्रायव्हरनं गाडीतून काढून दिलेली ती खुर्ची पुढे प्रत्येक दिवशी आमच्याबरोबर आली. तो आईला ‘मामा’ म्हणायचा. तिकडे मामा म्हणजे आई. आईला ते फार गोड वाटलं. ती त्याला ‘बाळा’ म्हणायला लागली आणि दोघांचं छान चालू राहिलं. मी घाई केली की तो म्हणायचा, “शुवय्या, शुवय्या.” हळूहळू. जागा बघून झाली की विचारायचा, “खलास?” हा शब्द आईला समजावून द्यावा लागला नाही.

पण सांगायचंय ते सक्काऱ्याबद्दल.

सक्काऱ्यासाठी मी पूर्ण सकाळ ठेवली होती आणि तिच्या मध्यभागी ‘ती’ नावाच्या माणसाचं थडगं. हा ‘ती’ पाचव्या राजवंशाच्या काळातला मोठा अधिकारी, राजांच्या पिरॅमिडांचा व्यवस्थापक. त्याचं थडगं सेरापियमच्या, म्हणजे पवित्र बैलांच्या दफनभुयारांच्या, जवळ आहे, वाळूतून थोडं चालावं लागतं. पहिल्या सहलीत मी तिथून थोड्याच अंतरावर उभी होते आणि हे नावही ऐकलं नव्हतं. आत खांबांचं अंगण, मग अरुंद वाट, मग शेवटची खोली. खोलीच्या दक्षिण भिंतीला फटी आहेत. पलीकडे बंद कोनाड्यात ‘ती’चा उभा पुतळा, फटींतून बाहेर बघणारा. आता तिथे प्रतिकृती असते, मूळ पुतळा कैरोच्या संग्रहालयात आहे. आणि समोरची उत्तर भिंत चित्रांनी भरलेली: पपायरसच्या उंच रानात होडीवर उभा ‘ती’, पाण्यात पाणघोड्यांची शिकार, रानात पक्ष्यांची घरटी.

मी आईला पाणघोडे दाखवत होते. ती खालच्या ओळीकडे बघत होती.

तिथे गाई पाणी ओलांडतायत. पुढे एक गुराखी वाकून चाललाय आणि त्याच्या पाठीवर लहानसं वासरू आहे. वासरानं मान मागे वळवलीय. मागून त्याची आई येतेय, मान पुढे ताणून. पाण्याच्या रेषांतून गाईंचे पाय दिसतात.

“वासराला आधी नेतोय,” आई म्हणाली. “वासरू पुढं नेलं की गाय आपसूक येते. आणि एक गाय पाण्यात शिरली की बाकीच्या शिरतात. तुझे आजोबा ओढ्याला पाणी आलं की असंच करायचे.”

मी हे कुठल्याही पुस्तकात वाचलं असतं तर पटकन पुढे गेले असते. तिनं ते वाचलं नव्हतं, तिनं ते केलं होतं. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं जे कोरलं, ते तिला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. मग आई एकेक ओळ वाचायला लागली, शब्दशः वाचावं तशी. गाईची धार काढतायत. गाय वीत आहे आणि माणूस वासराला ओढून घेतोय, “अगं बघ, पाय कसे धरलेत त्यानं.” हंसांना कोंबून खाऊ घालतायत. धान्य मळतायत. आम्ही त्या थडग्यात दीड तास होतो. त्या वेळात तीन गट आले आणि गेले. तिन्ही गटांना पाणघोडे दाखवले गेले.

तेव्हा मला समजलं की माझ्या वहीतली वेळ मी थकव्याच्या हिशेबानं आखली होती. पाय किती चालतील, ऊन किती सोसेल, एवढंच. प्रत्यक्षात वेळ लागतो तो आपल्या जवळचं काहीतरी वर यायला. चाळीस मिनिटांत आजोबांचा ओढा आठवत नाही.

गिझाबद्दल थोडक्यात. आम्ही उघडताक्षणी गेलो आणि शुक्रवार टाळला, कारण तो तिथला सुट्टीचा दिवस आणि स्थानिक कुटुंबांची गर्दी असते. आई महापिरॅमिडच्या आत गेली नाही. वर चढणारा रस्ता बुटका आणि तिरका आहे, गुडघ्यांना ते झेपणारं नाही. तिनं पायथ्याच्या एका दगडाशी उभं राहून त्याची उंची आपल्या छातीशी लावून बघितली आणि बराच वेळ वर बघत राहिली. आता जवळच नवं महासंग्रहालय नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण खुलं झालंय आणि तुतनखामन राजाचा सगळा खजिना तिथे आहे. म्हणून गिझाला आता दोन दिवस द्यावेत. सकाळी पिरॅमिड आणि दुपारी संग्रहालय असा बेत कुणी सुचवला तर ऐकू नये. दुपारी तीनला तुतनखामनच्या सोन्यासमोर उभं राहिलेल्या माणसाचे डोळे सकाळीच भरून गेलेले असतात.

लक्सरला मी मुक्काम नाईलच्या पश्चिम तीरावर घेतला. मोठी हॉटेलं पूर्वेला आहेत, पण पूल शहरापासून दूर दक्षिणेला आहे, त्यामुळे गाडीनं राजांच्या थडग्यांच्या खोऱ्यात जायचं तर मोठा वळसा पडतो. पश्चिमेला राहिलं की खोरं पंधरा-वीस मिनिटांवर. संध्याकाळी लोकांच्या साध्या होडीनं नदी ओलांडून लक्सरच्या देवळात जाता येतं. ते रात्रीपर्यंत उघडं असतं आणि दिव्यांच्या उजेडात बघणंच बरं.

उजेडाचं मला कर्नाकला कळलं. इजिप्तमध्ये भिंतीवरचं कोरीव काम दोन तऱ्हांचं: एकात आकृती भिंतीतून उठून येते, दुसऱ्यात ती भिंतीत खोल खणलेली असते. बाहेरच्या, उन्हातल्या भिंतींवर बहुतेक खोदीव काम, कारण कडक उन्हात खोदलेल्या कडेची सावली पडते आणि आकृती वाचता येते. नाजूक उठाव आतल्या मंद उजेडासाठी. कर्नाकच्या १३४ खांबांच्या मंडपात दोन्ही दिसतात. उत्तरेचा भाग सेती पहिला याच्या काळचा, उठावाचा. दक्षिणेचा बराचसा त्याच्या मुलाचा, रामसेस दुसरा याचा, खोदीव. पहिल्या सहलीत आम्ही भर बाराला तिथे होतो. सूर्य डोक्यावर, सावली नाही, भिंती सपाट. या वेळी सकाळी सहाला गेलो. ऊन तिरकं आत आलं आणि ज्या भिंती मला कोऱ्या आठवत होत्या त्यांवर होड्या, पुरोहित, धनुष्य ताणलेला राजा, एकेक करून वर आले. म्हणून सांगते, कोरीव कामाची देवळं सकाळी पहिल्या दोन तासांत किंवा दुपारी तीननंतर बघावीत. मधल्या वेळात जमिनीखालची थडगी, नाहीतर सरळ झोप.

राजांच्या खोऱ्यात एका तिकिटात तीन थडगी बघता येतात. सेती पहिला, तुतनखामन आणि रामसेस पाचवा व सहावा यांच्या थडग्यांना वेगळं तिकीट. लोक तीन म्हणजे कमी समजतात. माझ्या मते तीनसुद्धा पुष्कळ. आम्ही रामसेस चौथा याचं पाहिलं, त्याची वाट सरळ आणि उताराची आहे, वयस्कर माणसांना सोपी. आणि मग रामसेस सहावा याचं. तिथे तळघरातल्या छतावर आकाशदेवी नूत लांबच लांब पसरली आहे. संध्याकाळी ती सूर्याला गिळते, रात्रभर तो तिच्या अंगातून प्रवास करतो आणि पहाटे ती त्याला जन्म देते. आई मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, “बाळंतपण रोजचंच की बिचारीला.”

तिथली थडगी म्हणजे एका प्रवासाचं वेळापत्रकच आहे. रात्रीचे बारा तास, प्रत्येक तासाचा वेगळा प्रदेश, वेगळे पहारेकरी, वेगळे धोके. थुटमोस तिसरा याच्या थडग्यात ते बाराही तास भिंतीवर गुंडाळी उलगडल्यासारखे काढलेत. तिथे उंच जिने आहेत, म्हणून मी एकटी चढले आणि आई खाली सावलीत बसली. दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा ही वाटणी याच लोकांची. पण त्यांचा तास आपल्यासारखा ठरलेल्या लांबीचा नव्हता. उन्हाळ्यात दिवसाचा तास मोठा, हिवाळ्यात लहान. कर्नाकला सापडलेल्या, आमेनहोतेप तिसरा याच्या काळच्या जलघड्याळात प्रत्येक महिन्यासाठी वेगळं माप कोरलंय. घड्याळाच्या ठोक्यांवर त्यांचीच देवळं उरकताना मला हे दर वेळी आठवतं.

खोऱ्यातून निघाल्यावर आम्ही हात्शेप्सूत राणीच्या देवळाकडे न वळता देर अल-मदीनाला गेलो. हे मी मुद्दाम ठरवलं होतं. ही थडगी ज्यांनी खोदली आणि रंगवली, त्या कारागिरांचं हे गाव. घरांचे पाये अजून दिसतात, सत्तरेक घरं, मधून एक अरुंद गल्ली. डोंगरावरच्या पायवाटेनं ते खोऱ्यात कामाला जायचे. त्यांचा आठवडा दहा दिवसांचा. रामसेस तिसरा याच्या २९व्या वर्षी धान्याचं वेतन थकलं, तेव्हा हत्यारं खाली ठेवून ते देवळांमागे जाऊन बसले. आम्ही उपाशी आहोत, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितल्याची नोंद इटलीतल्या तुरिनच्या संग्रहालयातल्या पपायरसवर आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये याच गावाचा हजेरीपट आहे, दगडाच्या पातळ कपच्यावर लिहिलेला, रामसेस दुसरा याच्या ४०व्या वर्षाचा. कामावर का आला नाही, याची कारणं त्यात आहेत: आजारी, डोळे दुखतात, विंचू चावला, घरी बीअर बनवत होता. आणि एकाचं कारण: आईच्या मृतदेहाला कापड गुंडाळत होता.

हे मी आईला गल्लीतच सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सुट्टी दिली ना त्याला?”

याच गावातल्या सेन्नेजेमच्या थडग्यात उतरायला उभ्या पायऱ्या आहेत आणि खाली वाकावं लागतं. वहीत मी तिथे ‘आई बाहेर बसेल’ असं लिहिलं होतं. तिनं ते मानलं नाही. एकेक पायरी बसत बसत ती खाली गेली आणि मी पुढे उभी राहून तिचे पाय धरले. खोली लहान, कमानीच्या छताची, आणि रंग असे की काल दिलेत. भिंतीवर मेल्यानंतरचं शेत आहे. सेन्नेजेम ठिपक्यांच्या बैलांचा नांगर धरून चाललाय आणि मागून त्याची बायको बी पेरतेय. “फोकून पेरतेय,” आई म्हणाली. आणि मग, बऱ्याच वेळानं, “मेल्यावर पण दोघं शेतातच.” बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

त्या दिवशी आम्ही दुसरं काही पाहिलं नाही.

सोडलं ते बरंच. अबू सिंबेलची देवळं सोडली, कारण अस्वानहून २८० किलोमीटर, पहाटे चारला निघायचं आणि तेवढंच परत यायचं. एडफू आणि कोम ओम्बो सोडलं. अबायडोसच्या देवळाचं मन फार होतं, पण लक्सरहून जाऊन-येऊन सबंध दिवस गाडीत गेला असता. याची हळहळ वाटते, आणि ती वाटायलाच हवी. लांबच्या जागेला जायचं तर तिथे एक रात्र राहावं. ज्यांना ते जमत नाही त्यांनी ती जागा पुढच्या खेपेला ठेवावी.

मेमनॉनच्या दोन प्रचंड मूर्तींपाशी रोज येता-जाता गाडी थांबायची. ते आमेनहोतेप तिसरा याचे पुतळे. इसवीसनपूर्व २७ मधल्या भूकंपात उत्तरेकडचा पुतळा तडकला आणि त्यानंतर पहाटे त्यातून आवाज यायचा, तो ऐकायला रोमन जगातून लोक यायचे. सम्राट हॅड्रियन इ.स. १३० मध्ये आला. त्याच्याबरोबरच्या ज्युलिया बाल्बिला या कवयित्रीनं पुतळ्याच्या पायावर ग्रीक कविता कोरवल्या, त्यांतून कळतं की पहिल्या दिवशी आवाज ऐकूच आला नाही. पुन्हा यावं लागलं. बरं की त्यांच्याकडे दुसरा दिवस होता.

काही साध्या गोष्टी. पश्चिम तीरावरच्या लहान जागांची तिकिटं आम्ही गेलो तेव्हा त्या त्या दारात मिळत नव्हती, मेमनॉनजवळच्या खिडकीवर आधीच घ्यावी लागत होती. बहुतेक ठिकाणी पैसे कार्डानेच घेतात. सुट्टे पैसे मात्र खिशात हवेत, बक्षीश हा शब्द तिथेही तोच आहे. थडग्यांतले पहारेकरी फारसे पगारी नसावेत असं त्यांच्या कपड्यांवरून वाटतं. त्यांच्याशी घाईनं वागू नये. भिंत त्यांच्याइतकी कुणालाच पाठ नसते.

परतीच्या वाटेवर कैरोत तो कोरा दिवस आला. मी सकाळी चहाच्या वेळी वही उघडली आणि आईपुढे ठेवली. इस्लामी कैरोच्या गल्ल्या, खान अल-खलीलीचा बाजार, तहरीरचं संग्रहालय, काय हवं ते सांग म्हटलं. तिनं वही मिटली.

“त्या वासराकडं जाऊ परत.”

दारातल्या पहारेकऱ्यानं तिला ओळखलं. खुर्ची त्यानंच आत नेली, शेवटच्या खोलीपर्यंत. उजेड कमी होता, म्हणून त्यानं विजेरी काढली आणि समोरून न टाकता भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकी धरली. गुराख्याची पाठ वर आली, वासराची वळलेली मान वर आली. आईनं जिभेनं टक् टक् असा आवाज केला, गोठ्यात करायची तसा. पहारेकऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग विजेरी जरा सरकवली, आणि उजेड वासरावरून मागे जाऊन गाईच्या तोंडावर थांबला.